चार वाजताची पेशंट

नागपूरच्या मे महिन्यात भुताखेतांना रात्रीची वाट बघत बसावं लागत नाही. दुपारी तीन ते पाच रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. दुकानांची शटरं अर्धी खाली ओढलेली असतात आणि गल्लीभर एकच आवाज भरून राहतो, कूलरांचा. अशा वेळी कुणी हाक मारली, तर ती हाकच होती की कूलरची घरघर, हे शपथेवर सांगणं कठीण. हिमानीची गोष्ट याच वेळेतली आहे, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

हिमानी मॉरिशसची, बावीस वर्षांची. तिच्या खापरपणजोबांना कोकणातून ऊस तोडायला तिकडे नेलं होतं. घरात क्रिओल बोलत, मराठी ती शनिवारच्या शाळेत पुस्तकातून शिकली. फिजिओथेरपीचं शिक्षण संपत आलं तेव्हा तिने तीन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी हट्टाने नागपूर निवडलं. आपली भाषा जिथे रस्त्यावर बोलतात तिथे एकदा राहून बघू, एवढाच विचार. धंतोलीतल्या एका सेंटरवर पहिल्याच सकाळी ती एका काकांना म्हणाली, "कृपया आपला उजवा हात वर उचलावा." काकांनी घाबरून बायकोकडे पाहिलं आणि विचारलं, "हे काय म्हणून राहिली वं?"

तिथली सीनियर हर्षा, रामटेकची, पोटभर हसली आणि मग तिने या पोरीला हाताशी धरलं. मला नाही, मले. का नाही, काहून. लहान मुलगी ती पोट्टी आणि डोक्याने थोडा वेडसर तो भैताड. बाईमाणसानेही इकडे 'मी येतो' म्हणायचं, त्यात लाजायचं नाही. "अन् एक ध्यानात ठेव," हर्षा म्हणाली, "कोणाच्या घरून निघतानी 'जातो' म्हणू नोको. वाईट दिसते. 'येतो' म्हणायचं." हिमानीला हे फारच आवडलं. निघताना परत येण्याचं वचन देऊन निघायचं, ही रीत तिला तिच्या बेटावर कुणी शिकवली नव्हती. मग ती रिक्षावाल्यालासुद्धा 'येतो' म्हणू लागली.

तिच्या वाट्याला शनिवार-रविवार सोडून रोज चार वाजता लकडगंजची एक घरभेट होती. खाली बंद पडलेलं सागवानाचं गोदाम, वर दोन खोल्या आणि गॅलरी. बाहेरच्या भिंतीला लागून सतरा पायऱ्यांचा उभा जिना. वर शालिकराम आणि त्यांची बायको प्रेमिलाबाई, दोघंच. मुलगा पुण्याला. प्रेमिलाबाईंना फेब्रुवारीत लकवा मारला, उजवी बाजू गेली आणि जीभ जड झाली. तेव्हापासून त्या जिना उतरल्या नव्हत्या. खोलीत ओल्या वाळ्याचा वास असायचा आणि त्याखाली लाकडाच्या भुशाचा, जुना, कोरडा.

हिमानी समोर बसायची, त्यांचा उजवा हात हातात घ्यायची आणि म्हणायची, "दाबा, आजी." आजी चार बोटं वळवायच्या. अंगठा मात्र वळायचा नाही, तो बाहेरच आडवा राहायचा. पकडीला शून्य ते पाच गुण द्यायचे असतात. शून्य म्हणजे हालचालच नाही, पाच म्हणजे धडधाकट माणसाची ताकद. हिमानी रोज फाइलमध्ये लिहायची, 'पकड दोन'.

हाताबरोबर जिभेचाही व्यायाम. हिमानी एक शब्द म्हणायची, आजी तो म्हणायचा प्रयत्न करायच्या, मग आजी आपला शब्द द्यायच्या आणि हिमानीने तो म्हणायचा. एक जण शब्द नव्याने शिकत होती आणि दुसरी हरवलेले शोधत होती. आजींचा पहिला धड शब्द निघाला तो नवऱ्याला उद्देशून, "भैताड!" शालिकराम इतके खूश झाले की त्यांनी दोघींसाठी रसवंतीवरून उसाचा रस आणवला.

रस प्यायला आजींना स्वतः खाली जायचं होतं. एवढी एकच मागणी. "मले... खाली ने वं," त्या रोज म्हणायच्या.

"नेईन," हिमानी म्हणायची. "परत जायच्या आधी माझ्याबरोबर तुम्ही जिना उतराल. वचन."

"उद्या... येशीन ना?"

"येतो, आजी."

जिन्याचे नियमही तिने पाठ करून घेतले होते. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवायचे. आणि उतरताना फिजिओ पेशंटच्या एक पायरी पुढे, हात धरून.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, एका शनिवारी पहाटे, प्रेमिलाबाई झोपेतच गेल्या. हिमानीला सोमवारी कळलं. हर्षा सुट्टीवर होती, म्हणून ती एकटीच गेली, त्याच वेळी, चारला. खोलीत सतरंजीवर सात-आठ बायका बसल्या होत्या. पलंगावरची गादी काढून टाकली होती आणि नुसत्या फळीवर हार घातलेला फोटो ठेवला होता. बायका हातपंख्यांनी वारा घेत होत्या. हिमानीला रडू आलं, अगदी घरचं माणूस गेल्यासारखं. थोडा वेळ बसून ती उठली, फोटोपुढे हात जोडले आणि सवयीने, प्रेमाने म्हणाली, "येतो, आजी."

बायकांचे पंखे थांबले. एकीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"हे काय बोलली वं पोट्टी..." कुणीतरी पुटपुटलं.

"जाऊ द्या," शालिकराम दारातून म्हणाले. "परक्या मुलखातली पोरगी हाय."

काय चुकलं ते तिला संध्याकाळी शोभाताईंनी सांगितलं. शोभाताई तिची घरमालकीण. धंतोलीतच त्यांच्या घरी ती पेइंग गेस्ट राहायची. "मयताच्या घरून निघतानी 'येतो' म्हणत नाई वं माय," त्या भाजी निवडता निवडता थांबल्या. "काहीच म्हणत नाई. उठायचं अन् निघायचं. ते घर आपलं परत यायचं घर राहत नाई, म्हणून." मग तिचा चेहरा बघून त्यांनी घाईने जोडलं, "जाऊ दे, तुले कुठे माहीत होतं."

मंगळवारी चार वाजता हिमानी सेंटरवर फाइल लिहीत होती. पेन हातातून निसटलं. तिच्या उजव्या हाताभोवती काहीतरी वळलं होतं, थंड आणि कोरडं. चार बोटं. अंगठा बाहेर आडवा. दहा मिनिटं ती खुर्चीत हलली नाही. मग ते सुटलं. भीती तर तिला वाटलीच, पण त्याहून वाईट म्हणजे तिच्या डोक्याने, शिकवल्याप्रमाणे, आपोआप गुण दिला. दोन.

बुधवारी तीन. गुरुवारी पुन्हा तीन, पण जास्त वेळ. शुक्रवारी तिची बोटं पांढरी पडली आणि संध्याकाळपर्यंत चमचा धरता येईना. मेलेल्या पेशंटची पकड सुधारत होती. आणि तिचा स्वतःचा हात, ज्या हातावर तिला आयुष्यभर पोट भरायचं होतं, दिवसेंदिवस जड होत चालला होता. हर्षाने तपासलं, नस तपासली, मान तपासली. काही सापडलं नाही. पुढच्या मंगळवारी हिमानीचं विमान होतं. हा हात घेऊन विमानात बसायचं? आईपुढे हा हात घेऊन उभं राहायचं? शनिवारी तिने शोभाताईंना सगळं सांगितलं. भाषा विसरून, अर्धं क्रिओलमध्ये, रडत रडत.

शोभाताई हसल्या नाहीत, याचीच तिला जास्त भीती वाटली.

"दहावा कधी हाय?"

"सोमवारी."

"मंग सोमवारीच जा. येतो म्हटलं ना, तर एकदा जाऊन ये. बस उलीसक, पाच-दहा मिनिटं. मंग उठ अन् निघ. तोंडातून शब्द काढू नोको. तिनं काही इचारलं तरी हूं नाई का चूं नाई. मागं वळून पाहू नोको."

सोमवारी घर रिकामं होतं. मुलगा आणि पाहुणे दहाव्यासाठी रामटेकला, अंबाळ्याच्या तळ्यावर गेले होते. गुडघ्यांमुळे शालिकराम तेवढे मागे राहिले होते, गॅलरीत खुर्ची टाकून. त्यांनी हिमानीला पाहिलं आणि काही न विचारता मान हलवली. ऊन इतकं होतं की जिन्याचा कठडा हाताला चटका देत होता. आतमध्ये कूलर चालू होता. रिकाम्या खोलीत तो कुणी चालू ठेवला असेल, हा विचार तिने केला नाही.

ती आपल्या नेहमीच्या स्टुलावर बसली. समोर उघडी फळी. भुशाचा वास आज ओला होता.

चार वाजले. चार बोटं आली. आणि मग, सावकाश, आजवर कधी न वळलेला अंगठा तिच्या हाताच्या पाठीवरून फिरत आला आणि मिटला.

पाच, तिच्या डोक्याने म्हटलं.

कूलरच्या घरघरीत आवाज मिसळला. जड नव्हता, अडखळत नव्हता. लकवा मारायच्या आधी ही बाई कशी बोलत असेल, ते हिमानीला पहिल्यांदाच ऐकू आलं.

"आली का वं पोरी..."

तिने दात आवळले.

"किती दिवस वाट पाहून राहिली मी... काहून बोलत नाईस? रागावली का माह्यावर?"

हे ऐकणं तिला सगळ्यात कठीण गेलं. भीतीपेक्षा कठीण. महिनाभर जिच्या तोंडून एक सरळ वाक्य यावं म्हणून ती धडपडली होती, ती बाई आता सरळ बोलत होती आणि हिला 'शाब्बास' म्हणायला बंदी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं.

"बरं... नोको बोलू. चाल मंग."

हिमानी उठली. हात सुटला नाही. उंबरा ओलांडला तरी नाही. गॅलरीतल्या शालिकरामांच्या समोरून ती गेली, मान खाली घालून, मागे न बघता. डाव्या हाताने तापलेला कठडा धरून ती उतरू लागली. उजवा हात मागे ताणला जात होता. ती एका पायरीवर थांबायची, दोन्ही पाय टेकवायची, मग पुढची पायरी. सतरा पायऱ्यांना किती वेळ लागला, तिला कळलं नाही. शेवटच्या पायरीवरून तिने रस्त्यावर पाय ठेवला आणि पकड सुटली. एकदम, हलकी. बोटांत रक्त परत आलं, मुंग्या आल्या आणि हात तिचा झाला.

रसवंतीसमोर एक ऑटो उभा होता. ती आत कोसळली, हर्षाला फोन लावला आणि म्हणाली, "सुटला. माझा हात सुटला, हर्षा." आणि हसत सुटली. ऑटोवाला आरशातून तिच्याकडे बघत राहिला.

संध्याकाळी सात वाजता ती खोलीत बॅग भरत होती. उजव्या हाताने कपड्यांच्या घड्या करून ठेवत होती, मुद्दाम, एकेक. फोन वाजला. शालिकराम होते. त्यांचा आवाज रडका होता, पण त्यात आनंद होता.

"डॉक्टरबाई, तुमचे लई उपकार झाले."

हिमानीने हातातला कपडा बॅगेत ठेवला.

"घरचे मले भैताड म्हणतीन, म्हणून कोणाले नाई सांगतलं. पण मी आपल्या डोळ्यानं पाह्यलं, गॅलरीतून. तुमी पुढे, एक पायरी खाली. ती मागं, तुमचा हात धरून. दुखरा पाय आधी. तुमी शिकवलं तसंच, बरोबर. सतराच्या सतरा पायऱ्या उतरली माही प्रेमिला."

बाहेर शोभाताईंच्या स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली.

"रस्त्यावर आली, अन् हात सोडला तिनं. काहून धरीन आता? चांगली चालून राहिली होती, सरळ. तुमी ऑटोत बसल्या तर दुसऱ्या बाजूनं तीबी चढली. एकटी, कोणाचा आधार नाई." नाक पुसल्याचा आवाज आला. "तेवढंच इचाराले फोन केला, बाई. पोचली ना ती बरोबर?"

हिमानीने फोन बंद केला आणि पलंगावर ठेवला. बोलायचं नाही आणि मागे बघायचं नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. पण कुठवर, हे शोभाताईंनी सांगितलं नव्हतं.