गुलमोहराचे तांबडे कान

सोमवारी सकाळी शाळेतल्या जांभळाभोवती पांढऱ्या छत्र्या उगवल्या. इकडे एक, तिकडे एक अशा नाहीत, तर चक्क गोल रिंगण धरून. मी लांबूनच मोजल्या, एकेचाळीस होत्या. शाळेत एकच घबराट उडाली. "झाडात विष भिनलंय," असं शिपाई बाळाकाकांनी जाहीर केलं. मुख्याध्यापिका सामंतबाईंनी तिथे बसणाऱ्या बालवाडीला लगेच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, गुलमोहराखाली हलवलं. त्या बत्तीस चिमुरड्यांत माझी बहीण जुईही होती. तिची काळजी मिटली म्हणून मी हुश्श केलं.

गुलमोहर म्हणजे आमच्या शाळेची शान. दर पंधरा ऑगस्टच्या आधी सातवीचा वर्ग त्याचं खोड घासतो आणि गेरू-चुन्याचे पट्टे ओढतो. यंदा ते काम माझ्याकडे होतं. खोडाच्या बुडाशी लाकडासारखे कडक, तांबडे, कानाच्या आकाराचे तीन तुकडे वाढले होते. त्यांच्यामुळे पट्टा सरळ येईना. मी खुरप्यानं ते ठोकून काढले, वरून गेरू फासला, आणि बाईंनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

गुरुवारी बाईंनी माझ्या आजोबांना बोलावलं. तात्या म्हणजे वनस्पतिरोगतज्ज्ञ (झाडांचे डॉक्टर). त्यांच्यासोबत त्यांचा रोबो टकटक्या होता. तो दिसायला घोरपडीएवढा, सहा पायांनी खोडाला चिकटतो आणि लाकडावर टकटक करून आतला आवाज ऐकतो.

"मुक्ते, ही छत्री खोडातून आलीय की मातीतून?" तात्यांनी जांभळापाशी वाकून विचारलं.

"मातीतून. तात्या, हात नका ना लावू!"

"लावला तर धुवायचा. ओळख नसलेली छत्री तोंडात मात्र कधी घालायची नाही. आता सांग, मऊ की कडक?"

"मऊ वाटतेय."

"मग ऐक. छत्री हे बुरशीचं फळ. खरी बुरशी मातीत असते, कवकजाल (बारीक धाग्यांचं जाळं) पसरून. ही बुरशी पडलेली पानं कुजवून खाते आणि त्यांतलं खत मातीला परत देते. खात खात ती चहूबाजूंनी सारखी बाहेर सरकते, म्हणून रिंगण. जांभळाला हिच्यापासून काही धोका नाही."

"मग भ्यायचं तरी कधी?" मी हसत विचारलं.

"बुरशी लाकडातूनच बाहेर आली तर. बुडाशी, कडक, वरून तांबडी चकचकीत, कडेला पांढरी. आणि भोवती कोको पावडरसारखी तपकिरी धूळ. ते तिचे बीजाणू (बुरशीची बारीक बीजं)."

ती धूळ मी पाहिली होती. गेल्या वर्षीचा गेरू समजून झाडूनही काढली होती. समोर गुलमोहराखाली बालवाडी खिचडी खात होती.

"तात्या," मी म्हणाले, "असे तीन होते तिथे. मी काढून टाकले."

तात्या रागावले असते तर बरं झालं असतं. गुडघे दुखणारा तो माणूस मैदानातून धावत सुटला, आणि मग मला खरी भीती वाटली.

"बाई, मुलं उठवा. आत्ता!"

"अहो, पण झाड केवढं हिरवंगार आहे," बाई गोंधळून म्हणाल्या.

टकटक्या खोडावर चढला. टक, टक. छातीवरच्या पडद्यावर खोडाचा गोल उमटला. कडेला हिरवी बारीक रेघ आणि आत सगळं लाल.

"चांगल्या लाकडातून आवाज झरकन जातो, कुजक्यातून रेंगाळतो. लाल म्हणजे कुजकं," तात्या भराभर म्हणाले. "पाणी वर नेणारं लाकूड बाहेरच्या थरात असतं, ते अजून जिवंत आहे, म्हणून पानं हिरवी. झाडाला उभं धरणारा गाभा आणि मुळं मात्र या बुरशीनं खाल्लीत. कान काढून काय होतं? आंबा तोडला म्हणून आंब्याचं झाड मरतं का?"

बाईंनी शिट्टी फुंकली. मुलं ताटं टाकून पळाली. व्हरांड्यात बाईंनी मोजली. एकतीस.

जुई नव्हती. ती खोडामागे वाळक्या शेंगा गोळा करत बसली होती. तात्या "थांब!" म्हणेपर्यंत मी निघाले होते. मी तिला उचललं. ती शेंगांसाठी भोकाड पसरून माझे केस ओढत राहिली, आणि मी तिला तशीच घेऊन व्हरांडा गाठला.

दुपारी तीनच्या सुमाराला वारा आला, दोरीवरचे कपडे हलवण्याइतकाच. गुलमोहर कडकन वाजला आणि ताटांवर आडवा झाला. उपटलेली मुळं पांढरी, भिजल्या पुठ्ठ्यासारखी होती.

"चूक माझी आहे," मी सगळ्यांसमोर रडत म्हणाले. "खूण मी पुसली."

सामंतबाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. "आणि पाठ मी थोपटली," त्या म्हणाल्या.

झेंडावंदन उघड्या मैदानात झालं. मग तात्यांनी टकटक्या सातवीच्या ताब्यात दिला आणि आम्ही गावातली मोठी झाडं तपासायला निघालो. बसथांब्यावरच्या शिरीषाच्या बुडाशी मला एक तांबडा कोंब दिसला, अंगठ्याएवढा. टकटक्यानं लाल ठिपका दाखवला, लहानसा.

"वाचेल?" मी विचारलं.

"लवकर दिसलाय. फांद्यांचा भार कमी करू, दर महिन्याला आवाज ऐकू. आशा आहे. तोवर खाली कुणी बसायचं नाही."

मी झाडाभोवती दोरी बांधली आणि सावलीत बसलेल्यांना उठायला सांगितलं. "चल गं, शहाणी आलीय," एकजण म्हणाला. कुणी जागचं हललं नाही. मग मी मोठ्यानं सांगितलं, शाळेतल्या गुलमोहराचे कान कुणी काढले ते, आणि त्याच्याखाली कोण बसलं होतं ते.

एकेक करून सगळे उठले.