वीस दिवस चालू असलेला फोन

फोनवरचं बोलणं मध्येच तुटतं, हे मिरजेतल्या नव्या पिढीला सांगून पटत नसे. प्रत्येक घरच्या राउटरमध्ये ‘पूरक’ बसवलेला होता. लाइन क्षणभर गेली, की तो पलीकडच्या माणसाच्या जुन्या बोलण्यावरून पुढचे शब्द ओळखायचा आणि त्याच्याच आवाजात बोलायचा. शाळेत आपण गाळलेल्या जागा भरायचो, तसंच.

शैलजा हेर्लेकरांची, त्याच लाइनवर येणारी टीव्हीवरची मालिका वीस दिवस बंद होती, तरी त्यांनी तक्रार केली नव्हती. नॉर्वेतल्या हेरंबचा, त्यांच्या मुलाचा, फोन रोज लागत होता; चालत्या यंत्राला हात लावू नये, हे त्यांचं शास्त्र. पण सुनेचे दिवस भरून वर गेले होते. रोज विचारलं की हेरंब म्हणायचा, ‘अजून नाही, आई. कळवतो.’ बाळाचा फोटो टीव्हीवर मोठा दिसावा, म्हणून शेवटी त्यांनी दुरुस्तीला माणूस बोलावला.

रुबिना मुजावर आली. तिने राउटरवरचं क्रोशाचं झाकण काढलं, कपाटामागे बॅटरी मारली. वायर उंदराने कुरतडली होती.

“काकू, लाइन वीस दिवस बंद आहे.”

“असं कसं होईल? सकाळीच बोलले मी त्याच्याशी.”

रुबिनाने समजावलं. पूरक दोन-चार सेकंदांसाठी बनवलेला. पण शांतता गिऱ्हाइकांना आवडत नाही, म्हणून त्याला थांबायला कोणी शिकवलंच नव्हतं. त्यामुळे काकू बोलत होत्या ते पूरकाशी.

“आणि हेरंब? तो कुणाशी बोलत होता?”

रुबिना वायर सोलत राहिली. “तिकडेही पूरक असतोच, काकू.”

वायर जोडल्यावर शैलजाबाईंनी फोन स्पीकरवर लावला. हेरंबने लगेच फोन उचलला.

“आई, आज पंधरा दिवस झाले बाळ जाऊन. त्या दिवशी तू होतीस म्हणून आम्ही दोघं सावरलो गं. बाबा गेले तेव्हा रडली होतीस, अगदी तशीच रडलीस. आता नको रडू.”

शैलजाबाईंना भडभडून आलं, पण त्यांच्या वाट्याचं रडणं आधीच होऊन गेलं होतं. आता रडायचं, तर त्या दिवशी त्याला कुणी सावरलं तेही सांगावं लागणार होतं. रुबिनाने खुणेने विचारलं, सांगताय ना? त्यांनी मान हलवून नाही म्हटलं.

“जेवलास का?” त्यांनी विचारलं.

“हो. रोज तेच विचारतेस.”

मग तो बाळाबद्दल बोलत राहिला, त्या हुंकार देत राहिल्या. नातू होता की नात, एवढंही त्यांना आता विचारता येत नव्हतं.