अंजिराच्या वळणावरची गाडी

मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपमधून तेल गळलं की लोक लगेच नवं सील मागतात. निम्म्या वेळा आत नुसता वाळूचा कण अडकलेला असतो. फोटोच्या निगेटिव्हची पट्टी सीलखाली सरकवून गोल फिरवली की कण बाहेर येतो. तिनघीर गावात तीस वर्षं मी हेच करतोय. शेजारचा फोटोवाला अल्लाल सात वर्षांपूर्वी वारला, तेव्हापासून त्याच्या निगेटिव्हचा खोका माझ्याच दुकानात आहे.

त्या सकाळी इत्तो सुईण आली. तिच्या गाडीच्या डाव्या शॉकअपमधून तेल गळून ब्रेकपर्यंत पोचलं होतं.

"उस्ताद, लवकर करा. घळीवरच्या गावात बाई अडली आहे."

"ब्रेक लागला नाही तर तूच अडशील, पोरी. चहा पी."

मी खोक्यातली एक पट्टी सीलखाली फिरवली, बाहेर काढली, पुसली आणि सवयीनं उजेडात धरली. घळीच्या रस्त्यातल्या अंजिराच्या वळणावरचा बुटका कठडा. त्याला टेकलेली मोटारसायकल, पुढच्या शॉकअपखाली तेलाचा डाग. मागे औषधांची पेटी. स्वार कुठेच नव्हता.

इत्तो वाकून बघू लागली. "ही तर माझी गाडी!"

"सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात," मी म्हणालो. पण ती पेटी मी गेल्याच वर्षी स्वतः वेल्ड करून दिली होती. मला भीती वाटली, आणि ती मी तिला दाखवली नाही.

तेल अजून झिरपतच होतं. नवी सीलं रशीदिया शहरातून यायला दोन दिवस लागले असते. माझी गाडी तिच्याच बनावटीची. मी माझे दोन्ही शॉकअप उतरवले, तेल काढून टाकलं आणि आतली चांगली सीलं तिच्या गाडीत बसवली.

"आणि तुम्ही काय पायी फिरणार?"

"पोट कमी होईल. नीघ आता."

ती दुपारी गेली. मी एकच नट चारदा पुसला.

ऊन उतरताना ती परत आली. मुलगी झाली होती, बाळ-बाळंतीण दोघी बऱ्या होत्या. मला इतकं हलकं वाटलं की चहात साखर जरा जास्तच पडली.

"एवढी काळजी होती तर सांगायचं ना," ती हसत म्हणाली. "मागोमाग कशाला आलात?"

"कोण आलं?"

"तुम्हीच. अंजिराच्या वळणावर तुमची गाडी टेकवलेली होती. पुढून तेल ठिबकत होतं. मी हाका मारल्या, तुम्ही काही दिसला नाहीत."

मी नुसतं कोपऱ्याकडे बोट दाखवलं. माझी गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. तिला पुढचं चाक नव्हतं. दोन्ही शॉकअप रिकामे होऊन बाकावर पडले होते.

इत्तोनं पेला खाली ठेवला.

मी पट्टी पुन्हा उजेडात धरली. कठडा तोच होता, डागही तोच. पेटी मात्र नव्हती. सीटवर मेंढीचं कातडं होतं, कडेला शिवलेलं. ते माझ्या गाडीसाठी मीच शिवलं होतं.

नवी सीलं येऊन आता महिना झाला. पुडकं मी फोडलेलं नाही, शॉकअप अजून बाकावरच कोरडे पडून आहेत. मी घरी चालत जातो.

रोज सकाळी गाडीखालची जमीन पुसतो. जिथे डावा शॉकअप असता, बरोबर तिथे, ताज्या तेलाचा एक थेंब असतो.