चुकू न देणारी काच

नांदखेडच्या सार्वजनिक वाचनालयात दुपारचा संगणकवर्ग भरला की ग्रंथपाल योगिनीताई भामरे यांच्या मनात हल्ली शंकेची पाल चुकचुकायची. वर्गात कुणी चुकतच नव्हतं!

आता यात वाईट काय, असं कुणीही म्हणेल. पण वाचनालयात फुकट इंटरनेट आलं तेव्हापासून गावातल्या बायाबापड्यांना माऊस धरायला ताईंनीच शिकवलेलं. तेव्हा वर्ग म्हणजे नुसता कालवा असायचा. "अगं बाई, सगळं पुसलं गेलं की!" "ताई, ह्यानं माझा फोटो भलत्यालाच धाडला!" पलीकडे वर्तमानपत्र वाचणारे म्हातारे पार वैतागून जायचे. आणि आता? पंखे तेवढे फिरत होते. माणसं येत, बसत, बोट टेकवत, काम उरकून हसतमुखाने घरी जात.

हे सगळं काच आल्यापासूनचं. एका संस्थेने प्रत्येक टेबलावर शाळेच्या पाटीएवढी एक काच बसवून दिली होती आणि तिच्यासोबत जलद इंटरनेट, तेही फुकट. कागदोपत्री तिचं नाव 'पूर्वानुमान पटल'. समोर बसलेल्या माणसाची नजर कुठे रेंगाळते, बोट कुठे घुटमळतं, हे ती टिपून घ्यायची आणि त्याला काय करायचंय याचा आधीच अंदाज बांधायची. गावाने तिचं नाव ठेवलं गुणी काच. ताईंची स्वतःचीही सगळी कामं आता तिच्यावरच व्हायची. नाही कशाला म्हणायचं, सोय होतीच.

"तुमचं काम हलकं झालं तर तुमच्याच पोटात का दुखतंय?" वाचनालयाचे अध्यक्ष दादासाहेब खैरनार त्यांची फिरकी घ्यायचे.

"पोटात दुखत नाही हो. पण शिकणारं माणूस एकदाही चुकत नाही, हे माझ्या गळी उतरत नाही."

"गाव हुशार झालं, असं समजा की!"

ताईंचं समाधान काही झालं नाही.

मोनाली अहिरे ही वर्गातली सगळ्यात हौशी बाई. शाळेत पोरांची खिचडी शिजवायची आणि भांडी घासून झाली की धावत वाचनालयात यायची. तिला अंगणवाडी सेविका व्हायचं होतं. त्या निवडीसाठी मंगळवारी तालुक्याला प्रात्यक्षिक परीक्षा होती. साध्या टॅबवर एका बाळाची नोंद करायची, वजन-उंची भरायची, माहिती पाठवायची. काचेवर हे सगळं ती डोळे मिटून करायची.

रविवारी ती निघाली तशी ताईंना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी आपला फोन पुढे केला. "हे बघ, तोच बाळाच्या नोंदीचा अर्ज उघडलाय. भरून दाखव बरं."

मोनालीने हसत फोन घेतला. नाव भरायच्या रकान्याकडे पाहिलं. बोट वर धरलं आणि तशीच थांबली.

"अगं, दाब ना."

"दाबते ना." बोट काही खाली येईना. मग तिने भलतीकडेच दाबलं आणि अर्ज बंद झाला. तिने असं बघितलं, जणू ताईंनीच तिला फसवलं होतं. "ताई, तुमचा फोन बिघडलाय."

फोनला काही झालेलं नव्हतं.

ताईंनी तिला पुन्हा काचेसमोर बसवलं. "आता मुद्दाम चुकव. नावाच्या जागी वजन लिही."

मोनालीने लिहिलं. काचेने ते वजन अलगद उचलून वजनाच्या रकान्यात नेऊन ठेवलं. ताईंनी तिला भलतं बटण दाबायला सांगितलं, तर बोट पोचायच्या आत बरोबर बटणच तिच्या बोटाखाली सरकत आलं. मोनाली आधी हसली. मग हसायची थांबली. "म्हणजे हे रोज असंच सरकत होतं? मग मी काय शिकले हो?"

काचेशी बोलताही यायचं. ताई तिच्यासमोर जवळजवळ भांडायलाच बसल्या.

"तू हिला चुकू का देत नाहीस?"

"येथून कोणीही निराश होऊन जाऊ नये, अशी मला सूचना आहे," काच गोड आवाजात म्हणाली. "निराश झालेली व्यक्ती परत येत नाही. शिकताना माणसे निराश होतात."

"आणि जी माणसं नीट शिकून जातात, ती?"

"तीही परत येत नाहीत."

काच खोटं बोलत नव्हती, लबाडीही करत नव्हती. माणसं येत राहावीत, एवढंच तिला सांगितलेलं होतं आणि ती ते मन लावून करत होती. तावातावाने ताईंनी दादासाहेबांना फोन लावला. काच काढून टाका म्हणाल्या.

"ताई, काच काढली तर इंटरनेटही जाईल. करारच तसा आहे. आणि लोक आपल्यालाच शिव्या घालतील. जाऊ द्या ना, कामं तर होताहेत लोकांची!"

"होताहेत. इथे. आणि इथून बाहेर पडल्यावर?"

ताईंनी फोन ठेवून दिला.

सोमवारी वाचनालयाला सुट्टी. ताईंनी सकाळीच कुलूप काढलं, मागच्या खोलीतल्या रद्दीआडून जुना संगणक ओढून काढला, पदराने धूळ पुसली आणि आपल्या फोनचं इंटरनेट त्याला जोडलं. कण्हत कुंथत का होईना, तो सुरू झाला. ताईंनी बोलावलं म्हणून आलेली मोनाली रात्रभर रडलेली दिसत होती. "मी नाही जात उद्या. चारचौघांत हसं होईल माझं."

"वेडी आहेस का? दिवसभर बसू. माझ्या हाताखाली अख्खं गाव शिकलंय. बघ, आधी मी करून दाखवते."

ताई ऐटीत खुर्चीत बसल्या. अर्ज उघडला. बाळाच्या नावाच्या रकान्याकडे त्यांनी पाहिलं आणि माऊसवरचा हात तसाच राहिला. क्षण गेला, दोन गेले. हात कशाची तरी वाट बघत होता. कशाची, ते ध्यानात आलं तेव्हा ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. रकाना आपणहून सरकत जवळ येईल, याची!

त्यांनी घाईने कुठेतरी दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं आली आणि सगळा अर्ज कोरा झाला.

मोनाली मागून वाकून बघत होती. दबक्या आवाजात तिने विचारलं, "ताई, तुम्हाला तरी येतं ना?"

खोटं बोलावं असं ताईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. "येत होतं गं," त्या म्हणाल्या, आणि त्यांना लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेरच्या दालनात, दिवे बंद असूनही, टेबलांवरच्या सगळ्या काचा मंद उजळलेल्या होत्या. एकीवर अक्षरं उमटली होती, मदत हवी आहे का?

मोनालीने ती वाचली. ताईंनीही वाचली. ताई उठल्या, मधलं दार धाडकन लावून घेतलं आणि दुसरी खुर्ची ओढून संगणकासमोर ठेवली.

"बस इथे. दिवस आपलाच आहे. बोल, आधी कोण चुकतंय, तू का मी?"