समावेश-विलंब

कोकण किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटर आत समुद्रात, पाण्याच्या चारशे मीटर खाली असलेल्या सागरतळ केंद्राच्या छोट्या प्रयोगशाळेत डॉ. हेमांगी सरपोतदार अकराव्या बैठकीचं इतिवृत्त वाचत होती. दर पानागणिक तिचा पारा चढत होता.

केंद्रात आठ माणसं काम करत, चार बायका आणि चार पुरुष. त्यांना वेळोवेळी सूचना देणाऱ्या यंत्राला सगळे सूचक म्हणत. हा सूचक बोलायला शिकला होता केंद्रप्रमुख दत्ताराम तांडेल यांच्याकडून, म्हणजे त्यांच्या दोन वर्षांच्या ध्वनिमुद्रणावरून. साहजिकच त्याची भाषा तांडेलांची होती. "चला रे, पाळी बदलली!" "अरे पोरांनो, दाब वाढतोय, बघा रे!" यंत्र अभियंता शबाना मुजावर हिने त्याबद्दल तक्रार केली. मग किनाऱ्यावर एक समिती बसली. चार बायका असताना 'रे' म्हणणं सभ्य की असभ्य, या प्रश्नावर ती समिती अकरा वेळा बसली.

इतिवृत्तात सगळं होतं. 'मित्रहो' एका सदस्याला पुरुषी वाटलं. 'मित्रमैत्रिणींनो' म्हणेपर्यंत पाणी गुडघ्यापर्यंत येईल, असं दुसऱ्याचं मत पडलं. 'सन्माननीय सहकारीहो'ला तर मूळ तक्रार करणारीनेच हात जोडले होते. 'मंडळी' जवळजवळ मंजूर झालं होतं. पण एका ज्येष्ठ सदस्यांनी त्यांच्या वडिलांच्या काळी 'आमची मंडळी' म्हणजे बायको, अशी आठवण काढली आणि त्यात चहाची वेळ झाली.

भिंतीवरच्या पडद्यावर समितीचे अध्यक्ष केळुसकर प्रकटले. अठ्ठावन्न वर्षांचे, सभ्य गृहस्थ. खाली पाण्यात मात्र कधी उतरलेले नव्हते.

"डॉक्टर, तुम्ही श्रवणविज्ञानातल्या. एका वाक्यात सांगा. 'रे' सभ्य की असभ्य?"

"केळुसकरसाहेब, सभ्यता मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. मी वेळ मोजते."

"म्हणजे?"

"म्हणजे आठवड्याने सांगते," असं म्हणून हेमांगीने पडदा बंद केला.

आठवडाभर तिने आठही जणांच्या कपाळाला मेंदूलेखक पट्ट्या लावून ठेवल्या. हाक कानावर पडल्यापासून पायांना हलण्याचा हुकूम सुटेपर्यंत किती वेळ जातो, ते या पट्ट्या टिपत होत्या. आठव्या दिवशी जेवणाच्या टेबलावर तिने शबाना आणि तांडेल या दोघांना समोरासमोर बसवलं.

"हाक ऐकली की मेंदू आधी एक प्रश्न विचारतो," ती म्हणाली. "यात मी आहे का? उत्तर 'हो' आलं की मगच पाय हलतात. या तपासणीत जो वेळ जातो, त्याला मी समावेश-विलंब म्हणते. 'चला रे' ऐकून पुरुषांचे पाय सुटायला दोन दशांश सेकंद लागतात. बायकांचे सुटायला पाच दशांश."

तांडेल दुखावले. "मॅडम, माझ्या मनात तसं काय नसतं हो. आमच्याकडे 'रे' म्हणजे सगळेच आले. घरच्या माणसासारखं बोलतो मी."

"तुमच्या मनाचा प्रश्नच नाही, तांडेलकाका," शबाना म्हणाली. तिचा आवाज दमलेला होता. हेच ती अकरा वेळा सांगून चुकली होती. "शाळेत बाई म्हणायच्या, 'मुलांनो, गडबड करू नका.' त्यात मी होते. 'मुलांनो, मैदानावर चला,' त्यात मी नव्हते. शब्द एकच. मग दर वेळी थांबून बघावं लागतं, या खेपेला मी आहे की नाही. बारा वर्षं शाळेत बघितलं, पंधरा वर्षं नोकरीत. आता ते आपोआप होतं. पण वेळ लागतोच ना?"

"तीन दशांश सेकंदाने काय बिघडतं, पोरी?"

"मार्चमधली रंगीत तालीम आठवते?"

केंद्रात पाणी शिरलं की जलरोधी दार वीस सेकंदांत खाली येतं. त्याच्या पलीकडे बचावकक्ष, आणि तो सुटून वर जातो. मार्चच्या तालमीत दार बंद झालं तेव्हा शबाना एका पावलाने अलीकडे राहिली होती. तिची तक्रार त्या एका पावलाची होती. किनाऱ्यावर फाइल पोचेपर्यंत तिचं 'अयोग्य संबोधनाबाबत' झालं आणि दार त्यातून गळून पडलं.

"मग 'चला गो' म्हणू का?" तांडेलांनी खरोखरच विचारलं.

"तेही करून पाहिलं," हेमांगी म्हणाली. "मंगळवारी सकाळी सूचकाने 'चला गो' अशी हाक दिली. चारही बायका तीन दशांश सेकंदांत उठल्या. तुम्ही चहा पीत बसलात."

"मला वाटलं, बायकांचं काय तरी असेल."

"तेच तर!" शबाना आणि हेमांगी एकदमच म्हणाल्या.

उपाय हेमांगीनेच सुचवला, आणि पुढे त्याचाच तिला सर्वांत जास्त पश्चात्ताप झाला. तिने प्रत्येकाच्या कानात एक कर्णमणी बसवला. सूचक आता सगळ्यांना मिळून काही बोलत नसे. एकाच क्षणी तो आठ कानांत आठ वेगळी वाक्यं बोले. "शबाना, निघ." "तांडेलसाहेब, निघा." या योजनेला निजवाणी, म्हणजे ज्याची त्याची वाणी, असं नाव मिळालं. समावेश-विलंब जवळजवळ शून्यावर आला, कारण तपासण्यासारखं काही उरलंच नाही. समितीने बैठक न घेता, परिपत्रकानेच स्वतःचं अभिनंदन करणारा ठराव केला.

आठ महिन्यांनी हेमांगी पुन्हा मोजणीसाठी खाली आली. निजवाणी झकास चालली होती. सहज म्हणून तिने सगळ्यांना मणी काढायला लावले आणि तांडेलांना पूर्वीसारखी हाक मारायला सांगितली.

"चला रे!"

बायकांना उठायला दोन सेकंद लागले. पुरुषांना पावणेदोन.

हेमांगीने पट्ट्या तपासल्या, बदलल्या, पुन्हा मोजलं. आकडा तोच. आठ महिने प्रत्येकाला नावानिशी बोलावलं जात होतं. घोळक्याला मारलेल्या हाकेत स्वतःला शोधायची सवय बायकांनी जन्म खर्ची घालून कमावली होती. ती आठ महिन्यांत मोडली. पुरुषांना तर तशी सवय कधी करावीच लागली नव्हती. 'रे' ऐकलं की आपण त्यात, एवढंच त्यांना ठाऊक होतं, आणि तेही ते आता विसरले होते.

"मणी बंद पडले तर काय?" तिने केळुसकरांना विचारलं.

"उपसमिती नेमू."

"साहेब, नका हो नेमू!"

तिने स्वतःच मार्ग काढायचा ठरवला. दोन दिवस तिने तांडेलांकडून नाना हाका मारून घेतल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी सहज म्हटलं, "आपण निघूया," आणि बाकी सातही आलेख एकदम उसळले. एक दशांश सेकंद. बाई नाही, पुरुष नाही, कुणाच्यातच फरक नाही.

"अगदी साधं आहे," तिने शबानाला सांगितलं. कितीतरी दिवसांनी ती हसत होती. "'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटलं की बोलणारा आणि ऐकणारा दोघंही आत. मेंदूने विचारायच्या आत उत्तर मिळतं."

केळुसकरही खूश झाले. "आणि आदरार्थीही तोच शब्द! बाई, हे आधी का नाही सुचलं?" चारच दिवसांत केंद्राच्या धोक्याच्या भोंग्यामध्ये सूचकाच्या आवाजात नवं वाक्य भरलं गेलं. भोंग्याची बॅटरी वेगळी होती. मणी बंद पडले तरी तो बोलणार होता. त्याची चाचणी पुढच्या महिन्यात ठरली.

चाचणीच्या दहा दिवस आधी, दुपारी साडेबाराच्या सुमारास, समुद्रतळ हलला.

धक्का मोठा नव्हता. टेबलावरची ताटं सरकली, दिवे दोनदा लुकलुकले. पण खाली पंपघराची भिंत फाटली होती आणि पहिलं पाणी विजेच्या कपाटात शिरलं होतं. कर्णमणी मुके झाले. जेवणाच्या दालनात पाण्याचा थेंबही दिसत नव्हता. आठही जण तिथेच होते. हेमांगी तेवढी पट्ट्यांची पेटी आणायला बचावकक्षात गेली होती. दाराच्या पलीकडे, सुरक्षित बाजूला.

भोंगा बोलला, "आपण निघूया. आपण बचावकक्षाकडे निघूया."

कुणीही हललं नाही.

आठही जणांनी माना वर करून भोंग्याकडे पाहिलं. सगळे कान देऊन ऐकत होते. हेमांगीला दारातून त्यांचे चेहरे दिसत होते आणि क्षणभर तिला काही समजेना. मग तिच्या लक्षात आलं की तिचे स्वतःचे पायही हललेले नाहीत. तिच्याही मेंदूने प्रश्न विचारला होता, फक्त तो वेगळा होता. आपण म्हणजे कोण? तू कुठे निघालायस?

भोंगा कुठेच निघणार नव्हता. तो भिंतीत होता.

जलरोधी दार खाली सरकू लागलं.

"आपण निघूया!" हेमांगी दारातून ओरडली. शबानाने वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर तोच गोंधळ होता. तू तर तिथेच आहेस, मग आपण कसे? सात सेकंद गेले. आठ.

हेमांगी दाराखालून वाकून आत धावली. बचावकक्ष मागे टाकून ती थेट टेबलापर्यंत गेली, शबानाचा दंड धरला आणि साध्या आवाजात म्हणाली, "आपण निघूया."

सगळी एकदम उठली. खुर्च्या पडल्या. शबाना पहिली, तिच्यामागे बाकीची. कुणी कुणाला ढकललं नाही, कुणी वळून पाहिलं नाही. हेमांगी सातवी. दार कंबरेखाली आलं होतं. तिच्यामागून आणखी एक जण लोळत आला. तांडेल सगळी गेल्याची खात्री करून शेवटी निघाले आणि पोटावर सरपटत आत आले. त्यांचा डावा हात मागे राहिला. त्यांनी तो ओढला, पण दोन बोटं ओढता आली नाहीत.

वर येईपर्यंत चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ शबानाने त्यांचा हात स्वतःच्या ओढणीत घट्ट दाबून धरला होता. मध्येच तांडेल म्हणाले, "मॅडम, त्या भोंग्यातला आवाज माझाच ना?"

"तुमचाच. तुमच्या बोलण्यावरूनच घडवलेला."

"तरी मी नाही उठलो," ते म्हणाले. "माझाच आवाज, आणि मी नाही उठलो."

केंद्र दुरुस्त झाल्यावर भरलेल्या बाराव्या बैठकीला हेमांगी आणि शबाना दोघीही हजर होत्या. किनाऱ्यावरच्या कार्यालयात लांब टेबलाभोवती अध्यक्षांसह सात सदस्य बसले होते. हेमांगीने आलेख पडद्यावर टाकले आणि आवाज न चढवता सांगायचा प्रयत्न केला.

"'रे'मध्ये मेंदू विचारतो, यात मी आहे का. 'आपण'मध्ये तो विचारतो, यात तू आहेस का. यंत्र त्यात नसतं. दाराबाहेर सुरक्षित उभी असलेली मीसुद्धा त्यात नव्हते. जो ऐकणाऱ्यांबरोबर बुडू शकतो, त्याचंच 'आपण' चालतं. यावर दुसरा शब्द मिळणार नाही, कृपा करून शोधू नका."

"यंत्रालाच बुडण्यासारखं केलं तर?" एका सदस्याने विचारलं.

शबानाने डोळे मिटून घेतले.

"माणूस लागेल," हेमांगी म्हणाली. "दर पाळीला एक. कामाचा भार नसलेला, पूर्ण वेळ लक्ष ठेवणारा आणि दाराच्या अलीकडे राहणारा. वेळ आली की त्याने ते वाक्य म्हणायचं आणि सगळ्यांबरोबर निघायचं. नवीन भरतीला दोन वर्षं लागतील. तोपर्यंत समितीने आपल्यातून माणसं द्यावीत."

केळुसकरांनी चष्मा पुसला. तांडेलांना ते इस्पितळात भेटून आले होते. त्यांनी सदस्यांकडे पाहिलं आणि मनापासून म्हटलं, "बरोबर आहे यांचं. आपण खाली जायला हवं. आपण हे करूया."

कुणीही हललं नाही.

सहाही सदस्य त्यांच्याकडे पाहत होते. लक्ष देऊन, आदराने. हेमांगीच्या नकळत तिचं मोजणं सुरू झालं होतं. चार सेकंद. सहा. नऊ. शबानाने तिच्याकडे पाहिलं आणि दोघींनी नजरा वळवल्या.

केळुसकर आधी वैतागले. "अहो, मी काय म्हणालो? ऐकलंत ना?" मग त्यांची नजर पडद्यावरच्या आलेखावर गेली आणि तिथेच थांबली. होडीत पाय ठेवला तरी त्यांना उलटी होते, हे कार्यालयात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यांनी समोरची फाइल बंद केली.

"मुजावरबाई, पुढची पाणबुडी कधी सुटते?"

"सोमवारी सकाळी सातला."

"माझं नाव लिहून घ्या," असं म्हणून ते उठले.

त्यांची खुर्ची मागे सरकली, आणि लगेचच टेबलाच्या पलीकडे आणखी एक खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.