मागच्या रांगेतून पाहिलेली स्लाइड

शर्वरीचं ओळखपत्र सकाळपासून कुठलंच दार उघडत नव्हतं. कुकटपल्लीच्या त्या प्रयोगशाळेत तिला बिनखिडकीच्या खोलीत बसवून ठेवलं होतं. संध्याकाळी समिती बसणार आणि तिची पीएचडी जाणार, हे ठरल्यातच जमा होतं.

तिच्या वडिलांचे कीर्तनातले सोबती, खाजगी गुप्तहेर हणमंतराव, आपल्या मित्राला, श्रीकांतला, घेऊन आले.

"काका, मधुमेह असलेल्या एका माणसाचं स्वादुपिंड घरच्यांनी मृत्यूनंतर दान दिलं. हॉर्मोन तोडणारं एक एन्झाइम त्यात कुठे असतं, ते मी शोधलं. मला ते ग्लुकागॉनच्या, म्हणजे साखर वाढवणाऱ्या हॉर्मोनच्या, पेशींत दिसलं. आता माझ्याच पेटीतल्या स्लाइडांवर ते इन्सुलिनच्या पेशींत आहे. म्हणतात, मी थाप मारली."

"स्लाइडा तुझ्याच कशावरून?"

"स्लाइडवर नुसता एक-दोन-तीन असा क्रमांक असतो, बघणाऱ्याने आधीच मत करू नये म्हणून. नाव पेटीच्या झाकणावर. पेटी असते त्या कपाटाची चावी एकच, माझ्याकडे. खरं बोलावं तेवढी मीच अडकते."

"कपाट मध्ये उघडलं होतंस?"

"खंडेनवमीला. मायक्रोस्कोपपुढे सगळ्यांच्या पेट्या मांडल्या, झाकणं काढून पुसली, हळदकुंकू वाहिलं. पुन्हा कुलूप."

"छान केलंस," हणमंतराव म्हणाले.

मायक्रोस्कोपपाशी विभागप्रमुख योगिनी मॅडम थंडपणे बोलल्या. "हिरवा रंग इन्सुलिनचा, तांबडा ग्लुकागॉनचा. एन्झाइमचे पांढरे ठिपके हिरव्यात आहेत. सगळ्यात मोठं करून पाहिलंय आम्ही."

शेजारच्या टेबलावरचा हर्षद पुण्याचा. "माझं तिच्याशी वैर कसलं? ती माणसावर काम करते, मी उंदरांवर. एन्झाइम तेच, पेट्या तशाच, रंग तेच. माझे उंदीर शिस्तीचे हो. इन्सुलिनवाल्या पेशी मध्ये, ग्लुकागॉनवाल्या कडेने. माणसात सगळी सरमिसळ, दिलसुखनगरचा रविवारचा बाजार."

"तुमच्या स्लाइडा कुठायत?"

"काम संपलं. पेटीसकट काचेच्या कचऱ्यात टाकल्या आज. गाडी येईलच."

"यानेच बदलल्या," श्रीकांत कुजबुजला.

"चावीशिवाय? नक्को रे बाबा, घाई नक्को." हणमंतराव मायक्रोस्कोपकडे वळले. "मॅडम, जरा लहान करून दाखवा. कीर्तनात अगदी पुढे बसलं की बुवांचं तोंडच दिसतं. टाळकरी बघायचे तर मागची रांग बरी."

मॅडमनी भिंग बदललं. मध्ये हिरवा पुंजका, भोवती तांबडं कडं. त्या बराच वेळ वाकून राहिल्या.

"हा उंदीर आहे," त्या म्हणाल्या.

हणमंतरावांनी शर्वरीला बोलावून घेतलं. "चोर कुणी नाही. कुलूपही कुणी उघडलं नाही, पोरी, तुझ्याशिवाय. पेट्या सारख्या, नावं फक्त झाकणांवर. पूजेला पुसून बसवताना तुझं झाकण हर्षदच्या पेटीवर गेलं, त्याचं तुझ्या. तू भक्तिभावाने उंदीर कुलपात ठेवलेस."

"मग माणसाची पेटी," श्रीकांत सावकाश म्हणाला, "कचऱ्यात?"

हर्षद जिन्याकडे धावत सुटला होता.

गाडीवाल्याने डबा नुकताच वर चढवला होता. पेटी मिळाली, दोन काचा तडकलेल्या, बाकी शाबूत.

शर्वरीने पहिली स्लाइड लावली. तांबडं-हिरवं एकमेकांत मिसळलेलं, आणि पांढरे ठिपके तांबड्यात. तिने भिंगावरून डोळा उचलला आणि त्या अनोळखी दात्यासाठी हात जोडले.

योगिनी मॅडमनी तिचं ओळखपत्र पुढे केलं. "समितीला मीच सांगते."

"चल, तुझे बाबा चिक्कडपल्लीला कीर्तनात वाट बघतायत," हणमंतराव म्हणाले.

"हौ काका, एक मिनिट."

तिने पेन घेतलं आणि पेटीवर नाव लिहिलं. झाकणावर नाही, पेटीच्या अंगावर.