हिरव्या खुणेचा

आमच्या प्रयोगशाळेत एक नियम आहे. कुठल्या गिनीपिगला औषध द्यायचं आणि कुठल्याला नाही, हे आपण ठरवायचं नाही. माणसाचा हात नकळत धडधाकट प्राण्याकडे वळतो आणि औषध फुकटचं श्रेय खाऊन जातं. म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर रंगाची खूण करायची आणि ज्याने प्राणी पाहिलेच नाहीत अशा कुणाला तरी रंग विचारायचे. क्षयाच्या नव्या औषधाच्या वेळी मी धाकट्या भावाला फोन केला. तो स्वतः क्षयानेच इस्पितळात पडून होता. जुन्या औषधांनी त्याच्यापुढे हात टेकले होते. म्हटलं, तेवढाच त्याला विरंगुळा.

त्याने रंग सांगितले. शेवटी म्हणाला, "आणि हिरवा माझा. त्याला काही देऊ नका."

"का रे?"

"मला एवढं दिलंत, काय उजेड पडला?"

आम्ही दोघंही हसलो. हसताना त्याला ठसका लागला.

सगळ्या प्राण्यांना जंतूंची लागण केलेली होती. औषध न मिळालेले ठरल्याप्रमाणे रोडावत गेले. मला त्यांची दया येते. न यायला मी काही दगड नाही. पण त्यांच्याशिवाय औषधाची पारख होत नाही. त्यांच्यातला हिरव्या खुणेचा मात्र बाळसं धरू लागला. अंगावर तुकतुकी, डोळे टपोरे. मी वजनकाटा बदलून पाहिला, लागण पुन्हा तपासली, खाण्यात चुकून औषध मिसळतंय का तेही पाहिलं. कुठेच चूक सापडेना. तिकडे इस्पितळात धाकट्याला दुसऱ्याच गोळ्या सुरू झाल्या होत्या आणि तो वाळून काडी होत चालला होता. औषध गिळायचं ह्याने आणि अंगी लागायचं त्याच्या. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं मी स्वतःला बजावत होते.

मग एकदा मी पिंजऱ्यापाशी उभी असताना हिरवा डाव्या कुशीवर आडवा झाला. पाय पोटाशी घेतले, एक पंजा गालाखाली सरकवला आणि झोपला. गिनीपिग असे झोपत नाहीत. धाकटा झोपतो, लहानपणापासून.

प्रयोग संपला की सगळ्यांना भुलीची मोठी सुई देऊन कायमचं झोपवायचं आणि फुप्फुसं तपासायची, ही आमची रीत. त्याच्या आदल्या दिवशी वॉर्डातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "मनाची तयारी ठेवा," म्हणाले.

सकाळी मी प्रयोगशाळेतल्या सरांना विचारलं, "हिरव्याला नाही का ठेवता येणार?"

"त्याचीच फुप्फुसं तर आधी बघायची आहेत. आज तुला झालंय काय?"

काय सांगणार? तो गेला तर भाऊ वाचेल की त्याच्यासोबत जाईल, मला ठाऊक नव्हतं. असलं काही मनात येतंय याचीच लाज वाटत होती.

"मग मीच करते," मी म्हटलं.

सुई दिली. पाठीवर तळवा ठेवला. श्वास थांबेपर्यंत काढला नाही.

छाती उघडली. वाकून पाहिलं. क्षयाचा एकही ठिपका नव्हता.

"स्वच्छ आहेत," मी म्हणाले.

फोन लावायचा धीर झाला नाही. हात धुतले आणि तशीच इस्पितळात गेले.

धाकटा उशीला टेकून बसला होता. ताप उतरला होता. आज मागून घेऊन जेवला, सिस्टर सांगत होत्या. मला रडू आवरेना.

"आता रडतेस काय? सकाळी आलीस तेव्हा तर बरी होतीस."

"मी? सकाळी?"

"पाठीवर हात ठेवून बसली होतीस की. मग वाकून बघितलंस आणि म्हणालीस, स्वच्छ आहेत. काय स्वच्छ होतं, ताई?"

त्याच्या सदऱ्याची वरची बटणं उघडी होती. मी ती एकेक करून गळ्यापर्यंत लावली. आत पाहिलं नाही.